बेचाळीस अंश

कादंबिनी सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटमधल्या गिझरचे थर्मोस्टॅट बदलायचे, असा ठराव अध्यक्ष नलिनी पिंगळे यांनी मांडला, तेव्हा सभेत नेहमीची कुरकुर झाली. जुने चालताहेत तर बदलायचे कशाला, उद्या कंपनी बुडाली तर दुरुस्तीला कोण येणार, वगैरे. तात्या बोरस्ते यांचा आक्षेप वेगळा होता.

"बेचाळीस डिग्रीचं पाणी म्हणजे कोमट," ते म्हणाले. "कोमट पाण्यानं अंग ओलं होतं. आंघोळ होत नाही."

सभा हसली. नलिनीताईही हसल्या. तात्या एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले, त्यांच्या समोरच्याच दारात राहणारे. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी असायची आणि वाट्या इकडून तिकडे जात-येत असायच्या.

"महिनाभर वापरून बघा, तात्या. नाही जमलं तर जुना परत बसवून देते."

"शरयूनं बनवलंय म्हणून बघतो," असं म्हणून तात्यांनी हात वर केला.

शरयू ही नलिनीताईंची मुलगी. वडील ती शाळेत असतानाच गेले. नलिनीताई बँकेतून येईपर्यंत ती तात्यांच्या घरी असायची. तात्यांच्या पत्नी इंदूताई, म्हणजे तिच्या इंदूकाकू, यांच्या हातचं जेवून, त्यांच्याच जमिनीवर पालथी पडून अभ्यास करत ती मोठी झाली. आता ती पुण्यात 'निखारा' नावाच्या कंपनीत होती आणि हा थर्मोस्टॅट तिच्या गटाने तयार केला होता.

त्या काळात नाशिकमध्ये वीज दोन भावांची झाली होती. दुपारी सौर प्रकल्पांतून येणारी स्वस्त, सकाळ-संध्याकाळची चौपट महाग. स्वस्त विजेचाही घरटी कोटा ठरलेला. त्यामुळे छोटे गिझर जाऊन घरोघरी शंभर लिटरच्या, जाड आवरणाच्या टाक्या आल्या होत्या. दुपारी पाणी तापवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत धरून ठेवायचं. अडचण अशी की उष्णता धरून राहत नाही. टाकीतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी गळती जास्त. जानेवारीत बाहेर आठ-दहा अंश आणि टाकीत पासष्ट. टाकी रात्रभर भिंतींना ऊब देत बसायची आणि पहाटे महागड्या विजेवर पुन्हा तापायची.

शरयूने साधा प्रश्न विचारला होता. माणूस बेचाळीस अंशांच्या पाण्याने आंघोळ करतो, तर ते पासष्टपर्यंत तापवून त्यात गार पाणी मिसळायचं कशासाठी? जुना थर्मोस्टॅट म्हणजे धातूची दांडी आणि एक चकती. पाणी तापलं की वीज बंद, निवलं की चालू. याहून जास्त त्याला काही कळत नसे. शरयूच्या थर्मोस्टॅटला घरात माणसं किती, कोण केव्हा उठतं, कोणाला कसं पाणी लागतं हे थोड्याच दिवसांत कळायचं. मग तो टाकी बेचाळीसच्या आसपास ठेवायचा. मिसळामिसळ संपली. एकच नळ सोडायचा आणि शॉवरखाली उभं राहायचं. बिल जवळजवळ निम्म्यावर यायचं. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण लोक त्याला कोमट्या म्हणत. राज्यात दोन लाख टाक्यांवर तो बसला होता.

तात्यांनाही सवय झाली. पावसाळ्यात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पाटावर बसून तांब्याने आंघोळ करणं बंद झालं. इंदूताईंनीच त्यांना शॉवरखाली खुर्ची ठेवून दिली. दिवाळीपर्यंत तात्या सोसायटीच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कोमट्याचे फायदे सांगू लागले होते.

जानेवारीत त्यांना ताप आला. आधी नुसता ताप आणि कोरडा खोकला. मग ते बरळू लागले, इंदूताईंना "येवल्याची गाडी लागली का?" असं विचारू लागले. दवाखान्यात हलवलं. न्यूमोनिया निघाला. नेहमीची औषधं सुरू झाली आणि त्यांचा काही उपयोग होईना. त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या तांबोळी बाई त्याच दवाखान्यात आल्या. त्या शाळेत शिकवत. सांधेदुखीसाठी अनेक वर्षं औषधं घेत होत्या. त्यांनाही तसाच न्यूमोनिया.

छातीच्या डॉक्टर फाल्गुनी अहिरराव वयाने तरुण होत्या. एकाच इमारतीतले दोन रुग्ण पाहून त्यांनी दोघांची लघवी एका खास तपासणीसाठी पाठवली. निकाल आला तेव्हा इंदूताई आत तात्यांजवळ बसल्या होत्या आणि धावपळ नलिनीताईंकडे होती. म्हणून डॉक्टरांनी त्यांनाच खोलीत बोलावलं.

"लिजिओनेला म्हणून जंतू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हा माणसाकडून माणसाला होत नाही. हा पाण्यात राहतो. पाणी प्यायलं तर बहुधा काही होत नाही. पण त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले, तर तो फुफ्फुसात पोचतो. आपल्या ज्या पेशी जंतूंना गिळून मारतात, त्यांच्याच पोटात शिरून हा वाढतो. म्हणून नेहमीची औषधं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. आता औषध बदललंय. पण तात्यांना उशीर झालाय, हे सांगायला हवं."

नलिनीताईंनी मान हलवली.

"तुमच्याकडे कारंजं आहे? मोठ्या एसीचं यंत्र?"

"नाही."

"आंघोळीचं पाणी कशावर तापतं?"

"टाक्या आहेत. विजेच्या."

"म्हणजे तसा प्रश्न नाही," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "साठ अंशांच्या वर तो काही मिनिटांत मरतो. पंचवीस ते पंचेचाळीसमध्ये मात्र मजेत वाढतो. तुमच्या टाक्या किती डिग्रीला असतात?"

"बेचाळीस," नलिनीताई म्हणाल्या.

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी वर पाहिलं.

नलिनीताईंनी सगळं सांगितलं: थर्मोस्टॅट, ठराव, मुलगी. डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. आरोग्य खात्याला कळवणं भाग आहे, उद्या सकाळी माणसं येऊन टाक्यांतल्या पाण्याचे नमुने घेतील, तोपर्यंत पाण्याला हात लावू नका, असं त्या म्हणाल्या. जुन्या पद्धतीत पाणी गरजेपेक्षा जास्त तापायचं ते वाया जात होतं असं आपण समजत होतो, पण ते नकळत एक कामही करत होतं, असंही त्या म्हणाल्या. पण ते बहुधा स्वतःशीच.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरून नलिनीताईंनी शरयूला फोन लावला. संध्याकाळ होत होती.

"जंतूचं नाव परत सांग," शरयू म्हणाली.

त्यांनी सांगितलं.

"पहिल्या आवृत्तीत होतं ते," शरयू म्हणाली.

"काय होतं?"

"आठवड्यातून एकदा तासभर पाणी पासष्टपर्यंत न्यायचं. याच्याचसाठी. चाचणीत एका घरी आजोबा नेमके त्याच वेळी शॉवरखाली गेले आणि त्यांची पाठ भाजली. शिवाय त्या एका तासात बरीचशी बचत जायची. बैठक झाली. टाकीत येणारं पाणी क्लोरीनचंच असतं, काही होत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. आम्ही ते काढलं."

"आम्ही म्हणजे कोणी?"

"सही माझी आहे."

गच्चीवरच्या टाकीत दोन दिवस पाणी राहिलं की त्यातलं क्लोरीन उडून जातं. हे शरयूला माहीत नव्हतं असं नाही. ते त्या बैठकीत कोणाला आठवलं नव्हतं.

"आई, ऐक. मी इथून आत्ता सगळ्या टाक्या पासष्टवर नेऊ शकते. दोन लाख. उद्या सकाळपर्यंत जंतू मेलेले असतील. आणखी कोणी आजारी पडणार नाही. तू फक्त दोन दिवस कोणाशी बोलू नकोस. मी वरिष्ठांशी बोलते, मग रीतसर जाहीर करू."

तिचं म्हणणं अगदीच वाईट नव्हतं. खरी अडचण तीच होती. नलिनीताईंनी त्यावर थोडा विचार केला.

"सकाळी लोक नळ सोडतील तेव्हा काय?" त्यांनी विचारलं. "गार पाणी मिसळायची सवय तूच मोडलीस. कढत पाणी एकदम अंगावर येईल. तांबोळ्यांची नात पाच वर्षांची आहे."

नलिनीताईंनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आणि उद्या नमुने घेणार आहेत. त्यांना काय सापडेल? इंदूताईंना कळायला नको का, तात्यांना कशानं झालं ते?"

"माझी नोकरी जाईल, ते सोड. पण कंपनी बुडाली तर सगळे जुन्या थर्मोस्टॅटवर जातील. किती वीज वाया जाईल, तुला कल्पना नाही. चूक एका गोष्टीची आहे, आई. सगळं खोटं नाहीये."

"बरोबर आहे तुझं."

"मग?"

"मग काय. दोन लाखांचं तू ठरव. माझ्या बिल्डिंगमध्ये मी आत्ता जाऊन सांगते."

त्यांनी फोन ठेवला. शरयूने परत केला, तो त्यांनी घेतला नाही. त्या रिक्षाने घरी आल्या.

इमारतीखाली पार्किंगमध्ये माणसं जमली. नलिनीताई बँकेत ग्राहकांशी जशा बोलत, त्याच सुरात बोलल्या. टाकीचं बटण बंद करा. नळ सोडू नका, टाकी रिकामी करू नका. शॉवर अजिबात नको. दोन दिवस गॅसवर पाणी तापवा आणि बादलीत घेऊन आंघोळ करा. ताप किंवा खोकला असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा आणि जंतूचं नाव सांगा. नाव त्यांनी सावकाश, दोनदा उच्चारलं.

दुसऱ्या मजल्यावरचे निकुंभ पुढे आले. "हा थर्मोस्टॅट तुमच्या मुलीच्या कंपनीचा ना?"

"हो. तिनंच बनवलाय."

"आणि ठराव तुम्ही मांडलात."

"हो."

निकुंभांना आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण दोन्ही उत्तरं सरळ मिळाल्यामुळे ते अडखळले. तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. मग शेजारच्याचा. मग सगळ्यांचेच. थर्मोस्टॅटवरून संदेश आला होता. एरवी त्यावर 'आज आपली बचत' असं काहीतरी यायचं. आज लिहिलं होतं: 'या टाकीतल्या पाण्यात न्यूमोनियाचे जंतू वाढलेले असू शकतात. उद्या दुपारपर्यंत शॉवर वापरू नका. उद्या दुपारी पाणी कढत होईल, हात भाजेल इतकं. त्यानंतर गार पाणी मिसळल्याशिवाय अंगावर घेऊ नका. लहान मुलांना सांभाळा. चूक आमची आहे.'

शेवटचं वाक्य कंपनीच्या वकिलांनी कधीच जाऊ दिलं नसतं. म्हणजे शरयूने कोणाला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुने घेऊन झाल्यावर नलिनीताई दवाखान्यात गेल्या. तात्यांच्या तोंडात नळी होती. इंदूताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. नलिनीताई शेजारी बसल्या आणि त्यांनी काहीही न गाळता सगळं सांगितलं. शरयूची सहीसुद्धा.

शेवटी इंदूताई म्हणाल्या, "मी बादलीनंच करते आंघोळ. मला काही झालं नाही."

"हो. तुषार आत गेले तरच होतं ते."

"शॉवरखाली खुर्ची मी ठेवली होती."

"इंदूताई, त्यात तुमचं काय चुकलं? गुडघ्यासाठी…"

"माझं चुकलं असं म्हणत नाही मी," इंदूताई म्हणाल्या. "कसकसं झालं ते लावून बघतेय. तुम्ही आता घरी जा."

तात्या दोन दिवसांनी गेले. तांबोळी बाई वाचल्या. त्यांना औषध वेळेवर मिळालं होतं. नमुन्यांचा अहवाल आला, त्यात तात्यांच्या टाकीत जंतू होते, तांबोळींच्या टाकीत होते आणि नलिनीताईंच्या टाकीतही होते. त्या सहा महिने त्याच पाण्याखाली उभ्या राहत होत्या. त्यांना साधा खोकलाही झाला नव्हता. कोणाला होईल आणि कोणाला नाही, याचं कारण डॉक्टरांना थोडंफार सांगता आलं: वय, धूम्रपान, औषधं. तात्यांनी सिगारेट सोडून वीस वर्षं झाली होती.

तात्यांचा मुलगा संग्राम मस्कतहून आला. त्याने कंपनीवर दावा लावला. राज्यात इतर शहरांतही काही मृत्यू झाल्याचं उघड झालं आणि चौकशी समिती नेमली गेली. समितीपुढे नलिनीताईंना बोलावलं. मुलीशी फोनवर काय बोलणं झालं, असं त्यांना विचारलं.

त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. पहिल्या आवृत्तीत काय होतं, ते का काढलं, सही कोणाची. दोन दिवस कोणाशी बोलू नकोस असं ती म्हणाली, हेही. आणि त्यानंतर तासाभरात तिने कोणालाही न विचारता तो संदेश पाठवला, हेही. समितीच्या अहवालात या दोन्ही गोष्टी एकाच पानावर आल्या. एकीमुळे शरयूवर खटला उभा राहिला आणि दुसरीमुळे तिला अटक झाली नाही. त्या संदेशामुळे किती जण वाचले, याचा अंदाज अहवालात होता, पण वाचलेल्यांना आपण वाचलो हे माहीत नसल्याने त्याची कोणी दखल घेतली नाही.

शरयूचा फोन आला.

"दोन दिवसांचं सांगायलाच हवं होतं का?"

"विचारलं त्यांनी."

"आठवत नाही म्हणता आलं असतं."

"आठवत होतं, शरयू."

त्यानंतर काही महिने फोन आला नाही. नलिनीताई दर रविवारी फोन करत. तो वाजून वाजून बंद होई.

कंपनी बंद पडली. नवा नियम आला: टाकीतलं पाणी साठ अंशांच्या खाली ठेवायचं नाही, आणि नळाशी गार पाणी आपोआप मिसळणारी चावी बसवायची. ती चावी साधी, पितळेची होती आणि पहिल्यापासून बसवली असती तर आजोबांची पाठही भाजली नसती आणि जंतूही वाढले नसते. सगळ्यांचे थर्मोस्टॅट पुन्हा बदलले गेले. बिलं चढली. पुढच्या सभेत निकुंभांनी विचारलं की आता बिल कमी करायला अध्यक्ष काय करणार आहेत. नलिनीताईंनी राजीनामा दिला. तो कोणी स्वीकारला नाही, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं.

समोरचं दार आता बंद असे. भांडण झालं नव्हतं. जिन्यात भेट झाली की इंदूताई "बरंय ना?" विचारत, नलिनीताई "बरंय" म्हणत. वाट्या मात्र जात नव्हत्या. इंदूताईंनी टाकी काढून टाकली आणि गॅसवर पातेलं ठेवायला सुरुवात केली. सकाळी ते पातेलं न्हाणीपर्यंत नेताना कड्यांचा आवाज व्हायचा आणि तो नलिनीताईंना बंद दारापलीकडून ऐकू यायचा. मदतीला जावं असं त्यांना रोज वाटे. त्या गेल्या नाहीत.

डिसेंबरच्या शेवटी शरयू आली. न कळवता, एका बॅगेनिशी. वाळली होती. खटला चालू होता, वकिलाने भेटीगाठी टाळायला सांगितलं होतं. तिने आईकडे पाणी मागितलं, प्यायली, आणि म्हणाली, "मी काकूंकडे जाऊन येते."

"संग्राम आलाय. पुढच्या आठवड्यात तात्यांचं वर्षश्राद्ध आहे."

"माहितीये."

"तो काही बोलला तर?"

"बोलू दे."

नलिनीताई आपल्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. शरयूने बेल वाजवली. तिने त्या दाराची बेल आयुष्यात पहिल्यांदा वाजवली होती. इंदूताईंनी दार उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. आत ये म्हणाल्या नाहीत, दारही लावलं नाही.

"काकू," शरयू म्हणाली. तिने बरंच काही ठरवून आणलं असावं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं. "काकू, मी पासष्टचं काढायला नको होतं."

"ते मला कळत नाही," इंदूताई म्हणाल्या. "तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही. कोर्टात विचारलं तर जे झालं ते सांगेन."

"हो."

इंदूताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, खालपासून वरपर्यंत. शाळेतून आली की बघत तसंच.

"बुधवारी श्राद्ध आहे," त्या म्हणाल्या. "जेवायला ये म्हणत नाही. वाढायला ये. माझ्याशिवाय घरात बाई माणूस कोणी नाही."

बुधवारी शरयू सकाळीच गेली. तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली, पानं मांडली, मीठ-लिंबापासून वाढायला सुरुवात केली. नात्यातली माणसं निफाडहून आली होती. ही कोण, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते खाली पाहून जेवत होते. नलिनीताई स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होत्या. त्यांना इंदूताईंनी निरोप पाठवला नव्हता. त्या पोळपाट घेऊन आल्या आणि कोणी त्यांना परत पाठवलं नाही.

खीर घेऊन शरयू पंगतीच्या टोकाशी, संग्रामपर्यंत पोचली. ती वाकली तसा त्याने पानावर आडवा हात धरला. ती डाव तसाच धरून थांबली. पुढे गेली नाही, मागेही सरकली नाही. शेजारच्यांचं जेवण थांबलं. स्वयंपाकघराच्या दारातून इंदूताई पाहत होत्या.

मग संग्रामने वर न पाहता हात बाजूला घेतला.

"थोडीच," तो म्हणाला.